एबोशीबाईंचं काय चुकलं?

"काल रात्री साडेबारापर्यंत मी कार्टून पाहून राहिली होती," काकूंनी भिंतीपलीकडून जाहीर केलं आणि माझ्या हातातला पाईप कूलरची टाकी सोडून तुळशीवर गेला. नऊच्या ठोक्याला दूध पिऊन आडव्या होणाऱ्या आमच्या काकू, आणि कार्टून?

"हसू नको. जपानी आहे. नातीनं लावून दिलं. तिले वाटलं, आजी पाच मिनिटांत घोरते. झालं उलटंच. पोट्टी झोपली अन् मी जागी."

"मग अर्थ कोण सांगत होतं?"

"अर्धा तिनं सांगतला, अर्धा मी लावला. मुलूख कोणताही असो, बाया भांडाले लागल्या का अर्थ लागतेच."

सिनेमा होता ‘प्रिन्सेस मोनोनोके’. हायाओ मियाझाकी यांचा, 1997 सालचा. जपानात त्यानं तिकीटबारीचे जुने विक्रम मोडले, आणि त्याचा विक्रम मोडायला थेट ‘टायटॅनिक’ यावं लागलं. पण काकूंच्या लेखी त्यातली राजकन्या, तिला वाढवणारी लांडगीण, तो शापित राजपुत्र ही सगळी नुसती वऱ्हाडी मंडळी. त्यांच्या मनात भरली होती ती एबोशीबाई.

"एक पोरगा असते," काकूंनी भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे आता दिवाबत्तीपर्यंत सुटका नाही. "त्याच्या गावावर भलं मोठं रानडुक्कर चालून येते. डुक्कर म्हणजे रानातला देवच, पण अंगात लोखंडाची गोळी शिरल्यानं पिसाळलेला. पोरगा त्याले मारते, अन् त्याच्याच हाताले शाप लागते. मंग तो निघते, हे गोळी आली कुठून ते पाहाले. आली कुठून? त एका बाईच्या कारखान्यातून! डोंगर खणते, लोखंड गाळते, बंदुका बनवते. मालकीणही तेच, सेनापतीही तेच. अन् कामावर कोण? कोठ्यावर विकलेल्या पोरी. पैसे मोजून सोडवून आणलेल्या."

"अन् पगार देते का बरोबर?" समोरच्या वहिनी गेट ढकलून आत आल्या. हातात कैरीच्या फोडींचं ताट, मीठ-तिखट लावलेलं. वहिनी शाळेत इतिहास शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत वर्ग नसतो, त्यामुळे त्यांचा इतिहास आमच्यावर चालतो.

"पगाराचं माहीत नाही. पण पोटभर भात मिळते, अन् तिथले पुरुष मिजास करत नाहीत, असं त्या पोरी स्वतः सांगतात. अजून काय पाहिजे? एक टोकी नावाची आहे. तिचा नवरा मरता मरता वाचून घरी येते. दुसरी असती त गळ्यात पडली असती. हे सगळ्या गावादेखत त्याले असं झापते, असं झापते! मले आमच्या हिंगणघाटच्या आत्याबाईच आठवल्या."

त्या पोरी भट्टीचा भाता चालवतात. भाता म्हणजे आपल्या लोहाराचा हातभाता नव्हे. जमिनीत बसवलेल्या लांबलचक फळ्या, त्यावर बायकांची रांग. रांग एकदम पाय दाबते, फळी खाली जाते, भट्टीत वारा घुसतो. चार दिवस, पाच रात्री, पाळीपाळीनं. शापित पाहुणाही त्यांच्यात जाऊन पाय मारून बघतो, तेव्हा त्या पोरी त्याला पाहून खिदळतात.

मी हा सिनेमा आधी पाहिला होता, त्यामुळे मलाही शिंग फुटलं. म्हटलं, काकू, यातली खरी गंमत माहीत आहे का? जुन्या जपानात असल्या भट्टीवर बाईला पाऊलच टाकता येत नव्हतं. भाता मारायचे पुरुष. लोखंड गाळणाऱ्यांची देवता कानायागो. ती स्वतः बाई, पण तिला म्हणे बाईचा वाराही खपत नाही, लोखंड नासतं. मियाझाकींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सिनेमात एक पुरुष तसं बोलूनही दाखवतो. तरी त्यांनी मुद्दाम बायकाच उभ्या केल्या.

"देवी बाई, अन् तिले बाई चालत नाही!" काकूंनी कैरीची फोड उचलली. "म्हणजे पुजारी पुरुष असतीन."

"लोखंडाचं म्हणता तर आपणही मागे नाही हं," वहिनींनी खडू नसलेल्या हातानं हवेत रेघ ओढली. "पारशिवनीकडे, पेंचच्या काठी नायकुंड आहे ना, तिथल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजारांवर वर्षं जुनी. वक्र विटांची, आत वारा सोडायच्या मातीच्या नळ्यांसकट."

"भाता कोण मारे?"

"ते विटा सांगत नाहीत काकू."

"विटा त काहीच सांगत नाहीत. लिहिणारेही नाही सांगत."

मग काकू एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, मी जागी राहिली ते त्या पोरींसाठी नाही. मी जागी राहिली ते पट्ट्यावाल्यांसाठी.

एबोशी त्या पाहुण्याला आपल्या बागेत घेऊन जाते. कारखान्यातलं कुणी भीतीनं तिकडे फिरकत नाही. आत एक कार्यशाळा, आणि तोंडापासून पायापर्यंत पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेली माणसं बसलेली. ती बंदुका घडवतात. एबोशी नवी बंदूक हातात तोलून बघते आणि तक्रार करते, अजून जड आहे, बायकांना उचलता आली पाहिजे. अंथरुणाला खिळलेला त्यांचा म्होरक्या पाहुण्याला सांगतो, की या बाईनं आमच्या सडलेल्या अंगाला हात लावला, धुतलं, पट्ट्या बांधल्या. आम्हाला माणूस समजणारी ही एकटीच.

"हे कुष्ठरोगीच आहेत, मी पाहताबरोबर ओळखलं," काकू म्हणाल्या. ओळखणारच. काकू वर्धा जिल्ह्यात नर्सबाई होत्या, उपकेंद्रावर उभी नोकरी गेली. आणि त्यांचा अंदाज खरा आहे. मियाझाकींच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तामा झेनशोएन ही कुष्ठरोग्यांची जुनी वसाहत आहे, 1909 सालची. या सिनेमाच्या विचारात असताना ते तिथे गेले, आणि पट्ट्या बांधलेली माणसं कोण हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. रोग्यांना डांबून ठेवणारा जपानचा कायदा रद्द झाला 1996 साली. सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी. 2001 मध्ये कुमामोतोच्या कोर्टानं सरकारला दोषी धरलं, आणि पंतप्रधान कोईझुमींनी अपील करायचं नाही असं ठरवलं.

"एवढ्या उशिरा?" वहिनी म्हणाल्या.

"तू काय बोलतं? आपल्याकडे नवऱ्याले बायकोचा कुष्ठरोग दाखवून घटस्फोट मिळे. ते कलम गेलं 2019 साली," काकूंनी बोट नाचवलं. "आधी गोळ्या आल्या, कायदा मागून आला. वर्धा जिल्हा म्हणजे बहुविध औषधोपचार ज्याले म्हणतात ना, तो देशात सगळ्यात आधी जिथं सुरू झाला त्यातला. मी पाहिलं आहे न. बाईच्या पाठीवर चट्टा असला का तिले म्हणायचं, डोळे मीट. मंग रिफिलच्या टोकानं हळूच टोचायचं अन् विचारायचं, कुठं लागलं ते बोटानं दाखव. चांगल्या कातडीवर टोचलं का बोट बरोबर तिथं येते. चट्ट्यावर टोचलं का ते बाई डोळे मिटून वाटच पाहत राहाते, नर्सबाई अजून काहून टोचत नाही म्हणून."

आम्ही दोघी गप्प. काकूच पुढे बोलल्या.

"पहिला डोस आपल्यासमोर गिळवायचा. दुसऱ्या दिवशी तेच बाई रडत दारात. काहून? त लघवी लाल झाली! त्या गोळीनं होतेच तसं. तिले वाटे, आता मरतो. अन् सासू विचारे, नर्सबाई, गोळ्या संपेपर्यंत हिचं ताट वेगळं ठेवू का? मी म्हणो, ताट नाही, तुमची जीभ वेगळी ठेवा."

यावर आनंदवनाचा विषय निघाला नसता तरच नवल. ते वरोऱ्याला, इथून, नागपूरहून, शंभरेक किलोमीटरवर. नागपूरच्या प्रत्येक घरात आनंदवनातली सतरंजी नाही तर भेटकार्ड येऊन गेलेलं असतं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली, आणि मग खडकाळ जमीन, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभं राहिलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो.

"बाबांची गोष्ट ऐकतो," काकूंनी दुरुस्ती केली. "साधनाताई कुठल्या? आपल्या नागपूरच्या. घुलेशास्त्र्यांच्या घरच्या, सोवळ्याओवळ्यातल्या. कडेवर दोन लहान पोरं घेऊन ते बाई त्या माळावर राहाले गेली. बाबांनी ठरवलं, हे लिहिते सगळे. पण साप-विंचवाच्या जागी चूल कोणी मांडली? एबोशी काय, रोग्याले दया नाही देत, काम देते. आनंदवनात तेच केलं न. बोटं नाहीत त मनगटाले खुरपं बांध, पण शेत कर."

"आणि शेत केलं तर भाजी कोणी घेईना," मी म्हटलं. गोष्ट खरीच आहे. सुरुवातीला आनंदवनातल्या भाजीला वरोऱ्याच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. परदेशातले स्वयंसेवक येऊन राहिले, तिथलंच पिकलेलं जेवले, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली.

"गोऱ्यानं खाल्लं म्हणजे बाटत नाही," वहिनी. "आपलं सगळं ताटावर येऊन अडते. तुम्हाला 1937ची गोष्ट सांगू? नागपुरातली आहे."

सांगू का असं विचारून वहिनी कधी थांबत नाहीत. त्या वर्षी डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरातल्या शिकल्यासवरल्या, पुढारी बायका आल्या. जाईबाई चौधरींनाही बोलावणं होतं. जाईबाई म्हणजे डोक्यावर ओझी वाहून, हमाली करून दिवस काढलेल्या, शिकलेल्या आणि मग चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा चालवणाऱ्या बाई. परिषदेत भाषणं झाली समतेची. जेवायची वेळ झाली तेव्हा दलित बायकांची पानं वेगळी मांडली.

"बाप्पा! बायांच्याच परिषदेत?"

"बायांच्याच. जाईबाई आणि त्यांच्या मैत्रिणी गप्प नाही बसल्या. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी निषेधाची सभा घेतली. आणि पाच वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका आल्या होत्या म्हणतात. बाबासाहेब होते समोर. म्हणाले, समाजाची प्रगती मी त्यातल्या बायकांच्या प्रगतीवरून मोजतो."

"म्हणजे बाई पुढारी झाली एवढ्यानं भागत नाही," मी म्हटलं. "तिच्या पंगतीत कोण कोण बसते ते पाहा."

"एबोशीच्या पंगतीत सगळे आहेत," काकूंनी निकाल दिला. "कोठ्यावरच्या पोरी, गाडीवान, रोगी. एक जण उपाशी नाही. फक्त रान उपाशी."

इथे वहिनींनी फोड खाली ठेवली. कारण वहिनींनी सिनेमा पाहिला नव्हता, आणि एबोशी त्यांना आतापर्यंत सावित्रीबाईंच्या रांगेत बसवण्याजोगी वाटत होती.

सांगावं लागलं. ही एवढी करुणामय बाई लोखंडासाठी डोंगर बोडका करते. डुकराच्या अंगातली ती गोळी तिचीच. आणि शेवटी ती रानाच्या देवाचं मुंडकं बंदुकीनं उडवते, बादशहाच्या माणसांशी सौदा म्हणून. मग ते बिनमुंडक्याचं धूड जिकडे जातं तिकडे झाड, माणूस, पाखरू, जे शिवेल ते मरतं. तिचा स्वतःचा कारखाना जळून खाक होतो. लांडगिणीचं तुटलेलं डोकं येऊन तिचा हात तोडून नेतं.

"म्हणजे वाईटच की हो ती!"

"पाहा! झाली का लगेच वाईट?" काकू भिंतीवरून जवळजवळ आमच्याकडे आल्या. "आत्ता तुम्ही तिले ओवाळून राहिल्या होत्या. सूरजागडले काय चालू आहे? गडचिरोलीतला तो डोंगर, त्यावर माडिया लोकांचा ठाकूरदेव, जानेवारीत जत्रा भरते. तिथंच लोखंडाची खाण. पोराले काम लागलं म्हणणारेही तिथंच, डोंगर गेला म्हणणारेही तिथंच. एकाच घरात दोन्ही असतीन. आता सांगा, कोण चांगलं, कोण वाईट?"

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बांकाबाईसारखं झालं हे."

आता नागपुरात बांकाबाई हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर एकच येतं: तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून निघणारी काळी मारबत. वीतभर जीभ बाहेर काढलेली बाईची काळीकुट्ट प्रतिमा, गर्दीच्या आरोळ्यांत मिरवत नेऊन शेवटी जाळली जाणारी. लोक सांगतात, ती 1881 पासून निघते आणि ती बांकाबाईच्या निषेधाची, कारण भोसल्यांची ही राणी इंग्रजांना मिळाली.

"आम्ही वर्गात एवढंच सांगतो," वहिनी म्हणाल्या. "पण ती बाई दुसऱ्या रघुजींची विधवा. तिसरे रघुजी लहान असताना वाड्याचा कारभार तिच्याकडे. ते 1853 मध्ये वारले, डलहौसीनं राज्य घशात घातलं, हत्ती-घोडे लिलावात काढले. तेव्हा हीच बांकाबाई वाड्यातलं सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन म्हणाली. आणि तीन-चार वर्षांनी, 1857 मध्ये, याच म्हाताऱ्या बाईनं आपल्या वजनानं नागपूर शांत ठेवलं, उठावात जाऊ दिलं नाही. घाबरली? की लखनौ-कानपूरसारखं इथं रक्त सांडू नये म्हणून? भांडायला जागा आहे. पण मारबत भांडत नाही, जाळते. आणि काळी मारबत निघाली तेव्हा ती बाई जाऊन वीसेक वर्षं झाली होती."

"बडग्येही निघतात की," मी म्हटलं. "पुरुषांचे."

"निघतात. पण बडग्या दरवर्षी नवा. यंदा महागाईचा, पुढच्या वर्षी कोण्या पुढाऱ्याचा. लोक विसरून जातात. बाई मात्र दीडशे वर्षं तीच."

मला तेव्हा त्या सिनेमाचा शेवट उमगला, खरं म्हणजे आवडला. मियाझाकी एबोशीची मारबत काढत नाहीत. एवढं सगळं होऊन तिला मारत नाहीत. एक हात गेलेली, जळक्या गावाच्या माणसांत बसलेली ती म्हणते, पुन्हा सुरू करू, या वेळी चांगलं गाव वसवू. देवी करून मखरातही बसवत नाहीत. पुरुष नायकांना ही सवलत कायमची आहे. ते चुकतात, पस्तावतात, पुढच्या प्रकरणात राज्य करतात. बाईला आपण दोनच जागा ठेवल्या आहेत, देव्हारा नाही तर सरण.

"छान बोलली. भाषणात घाल," काकू म्हणाल्या. काकूंचं कौतुक असंच असतं. "आता खरं सांगा, कोपऱ्यावरच्या मॅडमचं काय ठरवलं?"

म्हणजे मघापासूनचा सगळा जपान इथे यायचा होता तर. रविवारी कॉलनीच्या नागरिक समितीची बैठक आहे. अध्यक्षपदासाठी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या मॅडम उभ्या आहेत, आणि गेले आठ दिवस कॉलनीत दुसरा विषय नाही. मॅडमनी पावसाळी नालीवर झाकणं बसवून घेतली. मागच्या गणपतीत महाप्रसादाला घंटागाडीवाल्यांना आणि झाडू मारणाऱ्या बायांना वेगळं न बसवता सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. तेव्हा दोन घरं न जेवता उठली. आणि ह्याच मॅडमनी रस्त्याला गट्टू बसवायचे म्हणून मैदानाच्या कोपऱ्यावरचा कडुनिंब कापायला लावला, कुणाला न विचारता.

"मी तर मत देणार नाही," वहिनी फुरंगटल्या. "झाडासाठी नाही. बोलण्याची पद्धतच नाही त्यांना. माझ्या स्कूटीला हात दाखवून म्हणतात, ही इथून हलवा."

"आधीचे अध्यक्ष कसे बोलत?"

"ते... तेही तसेच बोलायचे."

"अन् त्याईले तू सलग तीन वेळा मत दिलं. तेव्हा म्हणे, करारी माणूस आहे."

वहिनींनी ताटातली शेवटची फोड काकूंना देऊन विषय मिटवायचा प्रयत्न केला. काकूंनी फोड घेतली, विषय सोडला नाही.

"मी मत तिलेच देणार. पंगत बसवली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण निवडून आल्याबरोबर पहिला अर्ज माझा. दहा झाडं लाव, खड्डे तू खण, पाणी आम्ही टाकतो. अन् कटर घेऊन दुसऱ्या झाडाजवळ गेली त मी आडवी पडते."

"आणि नाही ऐकलं तर?"

"त भांडीन. रोज भांडीन. रिटायर झाली आहे मी, मले काय काम आहे? पण तिची मारबत काढू देणार नाही." काकूंनी तोंडातली कोय बागेत टाकली आणि माझ्याकडे वळल्या. "तू अर्ज लिहून ठेव. तुझं अक्षर बरं आहे. अन् त्या जपान्याचा दुसरा कोणता सिनेमा आहे, तेही सांग. नात शुक्रवारी चालली."